मॅट, दर्भासन, घोंगडी की गोल उशी? ध्यानाच्या बैठकीची पारख

जून उजाडला की योगाच्या मॅटवर सवलती सुरू होतात. २१ जूनचा आंतरराष्ट्रीय योग दिन २०१५ पासून साजरा होतो, आणि त्या सकाळी सोसायटीच्या हॉलपासून शाळेच्या पटांगणापर्यंत निळ्या-जांभळ्या मॅट अंथरल्या जातात. गणपती येईपर्यंत त्यातल्या बऱ्याच कपाटामागे उभ्या राहून धूळ खातात. त्यात मॅटचा दोष थोडाच आहे. ती ज्या कामासाठी बनते ते काम ती चोख करते. घेणाऱ्याला मात्र वाटत असतं की योगाला लागणारं सामान घेऊन झालं.

आसन म्हणजे आधी बसणं, आणि ज्यावर बसायचं तेही आसनच. पतंजलीची योगसूत्रं १९५ (काही पाठांत १९६). त्यांत आसनावर थेट बोलणारी तीन. ती तिन्ही दुसऱ्या पादात, म्हणजे दुसऱ्या प्रकरणात आहेत. आसन स्थिर आणि सुखाचं असावं, हे ४६वं. प्रयत्न सैल सोडल्याने आणि चित्त अनंताशी जुळल्याने ते साधतं, हे ४७वं. मग थंडी-उन्हासारखी द्वंद्वं त्रास देत नाहीत, हे ४८वं. ४९व्यात प्राणायाम सुरू होतो. या तिन्हींत एकाही आसनाचं नाव नाही. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात नावं येतात, पण पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक, दंडासन अशी जवळजवळ सगळी बसण्याचीच. त्या यादीत ‘सोपाश्रय’ असाही एक प्रकार आहे, म्हणजे आधार घेऊन बसणं. उशी घेतली तर फसवणूक होते असं मानणाऱ्यांनी तो शब्द एकदा वाचावा. हठयोगाचा ग्रंथ म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती हठप्रदीपिकाही सुरुवातीलाच सांगून टाकते की ही विद्या केवळ राजयोगासाठी, म्हणजे मनाच्या कामासाठी शिकवली जाते आहे.

म्हणून इथली पारख एकाच प्रश्नावर आहे: पंचविसाव्या मिनिटाला ही वस्तू तुमच्या श्वासाचं काय करते? दुकानात दोन मिनिटं बसून काहीच कळत नाही. दोन मिनिटं तर फोमचा सोफाही सुखाचा असतो.

मोजमाप कसं करायचं

योगसूत्रांत चित्ताला विक्षेप आणणारे नऊ अडथळे सांगितले आहेत आणि त्यांच्या सोबतीने येणारी चार लक्षणं: दुःख, दौर्मनस्य (मनाची खिन्नता), अंगमेजयत्व आणि श्वास-प्रश्वास. अंगमेजयत्व म्हणजे अंगाची थरथर, चाळवाचाळव. श्वास-प्रश्वास म्हणजे आपल्या ताब्यात नसलेला, ओढल्यासारखा श्वास. चांगली बैठक या चारांपैकी शेवटच्या दोघांवर थेट काम करते. पहिल्या दोघांना बाजारात औषध नाही.

याचं शरीरातलं कारण सरळ आहे. खुर्चीत वाढलेल्या माणसाचे खुबे आखडलेले असतात. तो सपाट जमिनीवर मांडी घालतो तेव्हा गुडघे वर राहतात, कमरेच्या हाडांचा कटोरा मागे कलतो आणि कमरेचा नैसर्गिक बाक उलटा होऊन पाठ गोल होते. पोट दुमडतं, श्वासपटलाला खाली उतरायला जागा उरत नाही, श्वास छातीच्या वरच्या भागात चालू लागतो. पाठीचे स्नायू शरीर पडू नये म्हणून सतत ओढून धरतात आणि दहा-बारा मिनिटांत थकतात. तोपर्यंत मन जपावर किंवा श्वासावर राहिलेलं नसतं, ते कमरेत जाऊन बसलेलं असतं. इलाज एकच: बुड उचलायचं. बुड गुडघ्यांपेक्षा वर गेलं की कटोरा पुढे कलतो आणि पाठ फारशी मेहनत न करता उभी राहते. ४७व्या सूत्रातला ‘प्रयत्नशैथिल्य’ हा शब्द इथे अगदी शब्दशः लागू पडतो.

किती उचलायचं हे रद्दीवर मोजता येतं. जमिनीवर मांडी घाला, बुडाखाली वर्तमानपत्रांची चळत ठेवा आणि दोन-दोन अंक वाढवत जा. दोन्ही गुडघे खुब्यांच्या रेषेच्या खाली आले आणि शक्यतो जमिनीला टेकले की थांबा. चळतीची उंची पट्टीने मोजा. रद्दी फारशी दबत नाही, त्यामुळे हा आकडा खरा मिळतो. लहानपणापासून जमिनीवर बसणाऱ्याला ४-५ सेंटिमीटर पुरतात, ऑफिसात दिवस काढणाऱ्याला बहुधा ८ ते १२, फारच आखडलेल्याला १५. वस्तू घेताना तिची उंची अंगाच्या वजनाने दबल्यानंतरची धरायची, म्हणून सुती उशीत २-३ सेंटिमीटर जास्तीचे हवेत.

मग खरी परीक्षा. २५ मिनिटांचा गजर लावा आणि फोन बाजूला ठेवून कडेने चित्रण सुरू करा. तिसऱ्या मिनिटाला एक मिनिटभर श्वास मोजा, पुन्हा विसाव्या मिनिटाला मोजा. निवांत बसल्यावर श्वासांची संख्या हळूहळू उतरायला हवी, निदान तेवढीच राहायला हवी. ती वाढली किंवा मधे मधे उसासा घ्यावा लागला, तर बैठक चुकली. चित्रणात कान, खांदा आणि खुबा एका उभ्या रेषेत आहेत का ते शेवटच्या पाच मिनिटांत बघा. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच ताठ असतात.

मॅट

मॅट पश्चिमेत गालिच्याखाली घालायच्या रबरी थरातून आली. उभ्या आसनांत पाय सटकू नये हे तिचं काम, आणि ते महत्त्वाचं आहे. चांगली नैसर्गिक रबराची ४-५ मिलिमीटरची मॅट घामातही धरून ठेवते. ती जड असते, महाग असते, नवी असताना वास मारते आणि उन्हात ठेवली तर तिला भेगा पडतात. पीव्हीसीची स्वस्त मिळते आणि वर्षानुवर्षं टिकते, पण पहिले काही आठवडे निसरडी लागते. टीपीईची हलकी असते. नखं आणि टाचा लागून तिचे तुकडे निघतात.

बसण्यासाठी मात्र मॅट जवळजवळ निरुपयोगी आहे. ६ मिलिमीटर म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा थोडं जास्त. ८ किंवा १० मिलिमीटरची ‘जास्त आरामदायी’ मॅट घोट्याच्या हाडाला बरी वाटते, पण उंचीचा प्रश्न तिथेच राहतो, आणि वृक्षासनात तीच जाड मॅट पायाखाली डगमगते. रबराखाली हवा खेळत नाही, त्यामुळे पावसाळ्यात लादीला सुटलेला घाम तिथेच अडकतो आणि कडेला काळे डाग पडतात. मॅट असेल तर राहू द्या. ती बैठकीची खालची चटई म्हणून चालते.

दर्भासन

पूजासाहित्याच्या दुकानात मिळतं, बहुधा दीड ते दोन फूट चौरस, शे-दोनशे रुपयांपासून पुढे. गीतेच्या सहाव्या अध्यायात कुश (म्हणजे दर्भ), अजिन (कातडं) आणि वस्त्र एकावर एक अंथरून, फार उंच नाही आणि फार सखल नाही असं आसन घालायला सांगितलं आहे. घेरंडसंहितेत प्राणायामासाठी कुशासन, मृगाजिन, व्याघ्राजिन किंवा कांबळं असे पर्याय दिले आहेत. कातड्यांचा पर्याय आज बंद आहे आणि ते बरंच झालं: १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांचा व्यापार गुन्हा ठरतो. तीर्थक्षेत्री कोणी ‘जुनं आहे, आजोबांचं आहे’ म्हणून मृगाजिन पुढे केलं तर ते घेऊ नका. योगाच्या आठ अंगांची सुरुवात ज्या यमांनी होते त्यांतला पहिला अहिंसा आहे, आणि त्याला पाय देऊन तिसऱ्या पायरीवर, म्हणजे आसनावर, बसण्यात अर्थ नाही.

दर्भासन हा पायाचा थर आहे. गवताच्या काड्यांमधली हवा थंडी आणि ओल अडवते, एवढंच. ‘साधनेची ऊर्जा जमिनीत वाहून जाऊ नये म्हणून कुश’ हे विक्रेते छातीठोकपणे सांगतात. गार शेणजमिनीवर तासभर बसणाऱ्याला कोरडा थर हवा असतो, इतकं कारण पुरेसं आहे. उंची त्यातून जेमतेम एक सेंटिमीटर मिळते.

घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, गवत खरंच दर्भ आहे का. दर्भाचं पातं अरुंद असतं, टोकाला अणकुचीदार आणि कडेला बोट फिरवलं तर खरखरीत (‘कुशाग्र’ बुद्धी ती याच टोकावरून). गुळगुळीत, रुंद, चमकदार पाती दिसली तर ती दुसऱ्याच कुठल्या गवताची चटई आहे. बसायला वाईट नाही, पण दर्भाच्या भावात घेऊ नये. दुसरी, विणीचा दोरा. नायलॉनचा दोरा गवताला कापतो आणि सहा-आठ महिन्यांत कडा उसवतात. सुती किंवा सुंभाचा दोरा बरा. कडेला कापडाची पट्टी नसेल तर काड्यांचा चुरा घरभर होतो. थेट त्यावर बसलात तर मांडीला ओरखडे येतात, म्हणून वर कापड हवंच. गीतेतल्या क्रमात कुश तळाशी जातो तो काही उगाच नाही.

घोंगडी

महाराष्ट्रातल्या माणसाला पहिली सुचवावी अशी वस्तू ही. दख्खनी मेंढीच्या जाड, काळ्या लोकरीची, सनगर समाजाच्या विणकरांनी मागावर विणलेली खरी घोंगडी कोल्हापूर, सांगली, सोलापूर, सातारा भागात अजून मिळते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ शोषते तरी हाताला ओली लागत नाही. त्यामुळे पावसाळ्यातही खाली गार, चिकट वाटत नाही. दबली तरी स्पंजासारखी उसळत नाही. घडीवर घडी घालून उंची हवी तशी कमी-जास्त करता येते, आणि हे इतक्या सहज दुसऱ्या कुठल्याही वस्तूत होत नाही.

ती पहिल्या दिवशी मात्र आवडणार नाही. ताण्याला (उभ्या धाग्यांना) चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्यामुळे नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी कडक असते, टोचते आणि मेंढीचा वास येतो. गार पाण्यात एकदा भिजवून, न पिळता सावलीत वाळवली की खळ सुटते. गरम पाणी आणि वॉशिंग मशीन टाळा, लोकर आटून गोळा होते. टोचणं उरतंच, त्यासाठी वर सुती पंचा.

बाजारात घोंगडीच्या नावाने बरंच काही विकलं जातं. खात्री करायची तर कडेचा एक धागा ओढून जाळा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटात चुरडते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. हातसुताचा धागा कुठे जाड कुठे बारीक दिसतो, मशीनचा एकसारखा. अस्सल हातमागाची घोंगडी स्वस्त असूच शकत नाही: लोकर कातरणं, पिंजणं, सूतकताई, खळ, विणाई एवढे हात तिला लागतात. चारशे रुपयांत ‘पारंपरिक हातमाग’ असं कोणी म्हणालं तर भाव कमी का आहे याचं उत्तर आधी मागा.

आखडलेल्या खुब्यांना नुसती घोंगडी पुरत नाही, हेही खरं. दहा-बारा सेंटिमीटर उंचीसाठी एवढ्या घड्या घालाव्या लागतात की कडा घसरतात आणि दर पाच मिनिटांनी चाचपडावं लागतं. तिथे उशी लागते.

गोल उशी

‘मेडिटेशन कुशन’ म्हणून ऑनलाइन साधारण हजार ते अडीच हजारांत मिळते. कापड, भरतकाम, मंडलाचं चित्र यांवर पैसे घालवू नका. सगळा खेळ आत काय भरलं आहे याचा आहे आणि नेमकं तेच वर्णनात सर्वांत खाली लिहिलेलं असतं.

फोम किंवा पॉलिएस्टर फायबर असेल तर सोडून द्या. पहिली पाच मिनिटं ती फार छान वाटते. मग शरीर प्रत्येक श्वासाबरोबर किंचित हलतं, फोम ते परत ढकलतो, स्नायू सावरतात, फोम पुन्हा ढकलतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसनाच्या उंचीबद्दल सांगताना माउली म्हणतात की ते जास्त उंच झालं तर अंग डोलेल आणि सखल राहिलं तर जमिनीचा दोष बाधेल. १२९० साली फोम नव्हता. डोलणाऱ्या अंगाचं निदान मात्र तेच आहे. फोमच हवा असेल तर सोफेवाल्याकडून रिबॉन्डेड फोमचा तुकडा कापून घ्या, तो जवळजवळ लाकडासारखा घट्ट असतो.

सावरीचा कापूस हलका आणि उबदार. गच्च भरला तर वर्षभर छान, नंतर मधोमध खळगा पडतो. तो पिंजूनही पहिल्यासारखा होत नाही, भर घालावी लागते. कुट्टूची टरफलं, म्हणजे उपवासाच्या पिठाच्या त्या दाण्याची सालं, अंगाच्या आकाराप्रमाणे सरकतात आणि मग तिथेच घट्ट बसतात. स्थिरतेत यांना तोड नाही. खोळीच्या चेनमधून टरफलं काढ-घाल करून उंची बदलता येते. पण हललं की सळसळ होते, आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात नीट सांभाळली नाहीत तर आत पोरकिडे होतात. टरफलं घट्ट बसतात त्यात बाळाला मोहरीची उशी देतो तोच न्याय. मोहरी भरूनही असंच घट्ट बसेल, फक्त या आकाराच्या उशीत आठ किलोच्या वर मोहरी मावेल आणि ती उचलायला दुसरा माणूस बोलवावा लागेल.

सगळ्यांत शहाणपणाचा मार्ग गादीवाल्याकडे जातो. त्याला सांगायचं ते असं: जाड खादी किंवा मांजरपाट, १३ इंच व्यासाच्या दोन चकत्या (शिलाईला अर्धा इंच सोडून), मधली पट्टी ६ इंच रुंद. १३ इंच व्यासाला परीघ सुमारे ४१ इंच येतो. चुण्या हव्या असतील तर पट्टी ६० इंच घ्यायची, नकोत तर ४३ पुरे. आत नवा पिंजलेला कापूस, सव्वा ते दीड किलो, काठीने ठासून. गादीवाला ‘मऊ करू का?’ असं विचारणारच, त्याच्या धंद्यात मऊ म्हणजे चांगलं. नको म्हणा. मुठीने दाबल्यावर दोन बोटांपेक्षा जास्त आत जाऊ नये. वर धुता येईल असा वेगळा खोळ शिवून घ्या. एक-दीड वर्षाने कापूस पुन्हा पिंजून घेतला की उशी नवी होते. ऑनलाइन उशीच्या बहुधा निम्म्या खर्चात हे होतं.

बसताना उशीच्या मधोमध बसायचं नाही, ही चूक सर्रास होते. पुढच्या एक तृतीयांश भागावर बुडाची दोन हाडं टेकवायची, म्हणजे उशी पाचरीसारखी काम करते. मधोमध बसलं की उशीची पुढची कड मांडीच्या मागच्या नसेवर दाबते आणि पाय बधिर होतो. पाऊल बधिर होण्याचं दुसरं कारण गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, पोटरीच्या हाडाच्या वरच्या टोकाजवळून जाणारी नस. ती कडक जमिनीवर दाबली जाते. तिथे घोंगडीची एक पदर कड सरकवली की फरक पडतो. बधिर पायावर लगेच उभं राहू नका, घोटा मुरगळतो. गुडघ्यात आत टोचणारी कळ आली तर ती सहन करण्याला तप म्हणत नाहीत. गुडघा बिजागरीसारखा सांधा आहे, फिरण्याचं काम खुब्याचं. त्या क्षणी मांडी सोडा.

चंद्रकोरीच्या आकाराची उशीही मिळते. मांडी जाड असेल किंवा टाचा फार जवळ घेता येत नसतील तर ती गोल उशीपेक्षा बरी.

योगपट्टा, पाट, स्टूल, खुर्ची

योगपट्टा विसरला गेला आहे. गुडघ्यांभोवती गुंडाळून बसायची ही पट्टी हंपीच्या १५२८ सालच्या प्रचंड नरसिंहमूर्तीच्या गुडघ्यांवर दिसते. ज्यांचे गुडघे काही केल्या खाली येत नाहीत त्यांनी अडीच मीटरचं जाड उपरणं कमरेच्या मागून घेऊन दोन्ही गुडघ्यांच्या बाहेरून पुढे बांधून बघावं. गुडघ्यांचं वजन कापडावर जातं आणि कंबर मागून धरली जाते. खर्च शून्य. गाठ जमिनीकडे नको, वर समोर ठेवा, म्हणजे झटकन सोडता येते.

पाट घरात असतोच, पण एकटा पाट म्हणजे दीड इंच उंची आणि घोट्यांना शिक्षा. पाय जमिनीवर घोंगडीवर ठेवून फक्त बुड पाटावर ठेवलं आणि पाटावर चादरीची घडी घातली तर काम भागतं. चौरंग फार उंच.

मांडी जमत नसेल तर वज्रासनाचं बुटकं लाकडी स्टूल. ऑनलाइन मिळतात त्यातली बिजागरीने दुमडणारी काही महिन्यांत डुगडुगू लागतात. सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायचं करून घ्या: फळी ४८ सेंटिमीटर लांब, १६ रुंद, मागची उंची १९, पुढची १७, दोन पायांमधलं अंतर ३८च्या खाली नको, नाहीतर पोटऱ्या अडकतात. पावलांच्या घडीखाली गुंडाळलेला टॉवेल हवा.

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी, आणि ज्यांना डॉक्टरांनी मांडी घालू नका म्हटलं आहे त्यांनी, खुर्ची घ्यावी आणि त्यात कमीपणा मानू नये. लाकडी, हाताशिवायची, साधारण ४३-४५ सेंटिमीटर उंच. प्लास्टिकच्या खुर्चीचं बूड मागे उतरतं असतं, त्यामुळे तोच मागे कललेला कटोरा, तोच दुमडलेला श्वास. मागच्या अर्ध्या भागावर चादरीची घडी ठेवली की सपाट होते. पाठ टेकवायची नाही, पावलं पूर्ण टेकलेली. तुमची उंची कमी असेल तर पावलांखाली चार-पाच सेंटिमीटरची पुस्तकं किंवा विटा. जाड गादीवाली ऑफिसची खुर्ची या कामाला सगळ्यांत वाईट. ती फिरते, मागे झुकते आणि झोप आणते.

झोपेचं इथेच सांगितलेलं बरं. नऊ अडथळ्यांत स्त्यान (मनाची सुस्ती) आणि आलस्य दोन्ही आहेत, आणि फार गुबगुबीत बैठक त्यांना आमंत्रण देते. टोचणारी बैठक मनाला गुडघ्यात अडकवते, गुबगुबीत बैठक मनाला बुडवते. विसाव्या मिनिटाला डुलकी येत असेल तर उशी आणखी मऊ करण्याऐवजी दोन सेंटिमीटर वाढवा आणि जेवणानंतर तीन तास सोडून बसा.

काय घ्यावं

सुरुवात करणाऱ्याने आधी काहीच घेऊ नये. पंधरा दिवस रद्दीच्या चळतीवर सतरंजी टाकून बसा. रोज वीस मिनिटं: पाच मिनिटं श्वास सोडण्याची लांबी घेण्याच्या दुप्पट, म्हणजे चार मोजून आत तर आठ मोजून बाहेर, ताण वाटला तर तीन आणि सहा; उरलेली पंधरा नुसता श्वास बघणं किंवा नाम. पंधरा दिवसांत सात दिवससुद्धा बसणं झालं नाही तर उशीने ते होणार नाही आणि पैसे वाचले. झालं, तर आपला आकडा हाती आलेला असतो. मग एक घोंगडी आणि गादीवाल्याची एक घट्ट उशी. लादी फार गार असेल तर खाली दर्भासन. अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा जास्त न साठवणं, हाही यमच आहे. ध्यानाच्या कोपऱ्यात पाच प्रकारच्या उशा जमल्या असतील तर त्यातल्या तीन कोणाला तरी देऊन टाका.

सांभाळायचं असं. घोंगडीला कसर लागते. पावसाळ्याआधी दोन कडक उन्हं दाखवून कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यात गुंडाळून ठेवायची नाही तर वापरतच राहायची, वापरातल्या घोंगडीला कसर कमी लागते. कापसाची उशी दर आठवड्याला उन्हात, उलटसुलट. कुट्टूची टरफलं जून ते सप्टेंबरमध्ये महिन्यातून एकदा ताटात पसरून पंख्याखाली. ऊन मिळालं तर उत्तम. दर्भासनाला पाणी लावू नका, झटका आणि उभं ठेवा. आणि खोळ धुताना शिवणी बघा: बुडाच्या हाडांखालची शिवण आधी जाते.